रॅम्प आहे, पण चढता येत नाही

ठाणे-नवी मुंबईत क्रीडासंकुलाचे नूतनीकरण निघाले की आराखड्यात रॅम्प असतोच. घोडे पेंड खाते ते उतारापाशी. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट हवेत. तो सहा-सात फुटांत उरकला, की व्हीलचेअर मागे उलटण्याची भीती. त्यावर गुळगुळीत ग्रॅनाइट, आणि आपला पाऊस! खडबडीत फरशी, दोन्ही बाजूंना कठडे आणि दारापुढे पाच फूट सपाट जागा हवी. नाहीतर उतारावर चाके धरून ठेवायची की दार ओढायचे?

दुचाकी रोखायला फाटकात ठोकलेले खांब खुर्चीही रोखतात. दोन खांबांत किमान ९० सेंटिमीटर ठेवा. दुचाकी शिरेलही, पण त्यासाठी पहारेकरी आहे ना. स्वच्छतागृहाचे दार बाहेर उघडावे. आत उघडणारे दार पडलेल्या माणसाच्या अंगावरच अडते. तिथे झाडू-बादल्या तर नकोतच.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ चे कलम ३० खेळांबद्दलच आहे. कंत्राटदाराचे अंतिम देयक काढण्यापूर्वी अभियंत्याने टेप लावावी आणि एखाद्या व्हीलचेअर खेळाडूला फाटकापासून कोर्टापर्यंत एकट्याने जायला सांगावे.

– एक वाचक, ठाणे