छडी परत आणून नववीचा वर्ग शांत होत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

परवा तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं, मास्तरांच्या हातातली छडी काढली म्हणून पोट्टे बिघडले, छडी द्या परत, मग पहा कसे सरळ होतात. मी दक्षिण नागपुरातल्या एका शाळेत नववी-दहावीला गणित शिकवते, म्हणून हे लिहून राहिले.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्याच्या कलम १७ मध्ये मुलांना मारायला बंदी आहे तशीच मानसिक छळालाही आहे, आणि ही दुसरी गोष्ट सगळे सोयीनं विसरतात. छडी गेली तर टोमणे आले, "बापाचं नाव काढशील तू" वगैरे, ते कोणी मोजत नाही. चौदा-पंधराच्या वयात पोरगं मार एकवेळ विसरेल पण पोरींसमोर झालेला पाणउतारा विसरत नाही हो.

खरी गोम त्या "समोर" मध्येच आहे. "काऊन बे, हसून राहिला?" असं तुम्ही फळ्यापासून ओरडले की त्याच्याकडे अख्खा वर्ग वळून पाहते, आता गप बसला तर त्याची इज्जत जाते, मग तो "मी काहीच नाही केलं ना मॅडम", तुम्ही आणखी काही, तो आणखी काही, दहा मिनिटं गेली, बीजगणित राहिलं बाजूला आणि बाकीच्यांची फुकट करमणूक. मी शिकवणं चालू ठेवतच त्याच्या बेंचजवळ जाते, वहीवर बोट ठेवून हळूच "हे सोडव" म्हणते आणि पुढे निघून जाते. तिथं थांबायचं नाही, थांबलं की भांडण. बाकी जे बोलायचं ते पिरियड झाल्यावर व्हरांड्यात, एकट्याशी. दरवेळी जमते असं नाही, जेवणाच्या सुट्टीनंतरच्या तासाला तर देवच मालक.

आणि उर्मट वाटणारं प्रत्येक पोट्टं उर्मट नसते. एक मुलगा प्रश्न विचारला की नुसती मान हलवायचा, तोंड काही उघडेना, सगळे म्हणायचे लय माजला आहे. जवळ गेल्यावर वास आला, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता, बोलणार कसा? त्याला फक्त म्हटलं जा, चूळ भरून ये. दुपारी बसवून विचारलं तर घरी मोठा भाऊ खातो, आणि शाळेत येताना पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतोच. आता २००३ चा तंबाखूचा कायदा म्हणतो शाळेपासून १०० यार्डांच्या आत विक्री नाही आणि १८ वर्षांखालच्याला तर कुठंच नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. छडी मागणाऱ्यांनी हे कायदे पण कधी मागावे ना.

पालकांचंही तसंच, शाळेचा फोन म्हणजे तक्रारच हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं आहे. आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा पहिल्या काही दिवसांतच मी मागच्या बेंचवाल्यांच्या घरी फोन लावते, काहीतरी चांगलं सांगायला, अक्षर सुधारलं, कोणाला पेन दिला, काहीही. एका ऑटोवाल्या बाबांनी तर मी बोलायच्या आतच "काय केलं मॅडम त्यानं, आज घरी येऊ द्या त्याले" सुरू केलं. पुढे खरंच तक्रार करायची वेळ आली तेव्हा तेच बाबा शांतपणे ऐकून घेतात.

पण ह्या सगळ्याला रोज तोच माणूस वर्गात लागते. आम्हाला कधी मतदार यादीचं काम, कधी ट्रेनिंग, कधी ऑनलाइन माहिती भरणं. निवडणूक आणि जनगणना कायद्यातच आहे, मान्य, पण वर्गशिक्षकच आठवडाभर गायब आणि वर्गावर दुसरे कोणीतरी नुसते बसून, मग पोट्टे गोंधळ नाही घालणार तर काय करणार. ज्यानं बस म्हटलं त्याला त्यांची नावंही माहीत नसतात.

तेव्हा छडीवर आणखी पत्रं आली तर जरूर छापा, फक्त त्याआधी तुमचा एखादा रिपोर्टर शाळा भरायच्या वेळी शहरातल्या दोन-चार शाळांच्या गेटवर पाठवा आणि पानठेल्यापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. टेप नसला तर पावलं मोजली तरी चालेल.

– एक शिक्षिका, मानेवाडा, नागपूर