पुढे १४ की १५? स्पितीला निघालेल्या मित्रास

पुणे,
आषाढातला रविवार

प्रिय संद्या,

तुझा मेसेज वाचला. मोबाइलवर अंगठ्याने उत्तर द्यायला घेतलं आणि लक्षात आलं, हे प्रकरण तिथे मावायचं नाही. म्हणून हे पत्र. चहा घेऊन बस.

कोल्हापूर ते हिमाचलातल्या स्पितीचं काझा, मागे वहिनी, सप्टेंबर महिना आणि तुझी सेकंडहँड रॉयल एनफील्ड ४११ हिमालयन. तू दोन प्रश्न विचारलेस: टायर कुठला टाकू, आणि पुढचं १५ दात्यांचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चक्र) काढून १४ चं टाकू का? भावा, आधी दात्यांचं ठरव, टायर नंतर. नवा टायर टाकला की तयारी झाल्यासारखी वाटते, शिवाय तो फोटोतही दिसतो. स्प्रॉकेट बिचारं कव्हरच्या आड, त्याबद्दल कोणी बोलत नाही. पण दोन माणसं आणि सामान घेऊन कुंझुम खिंडीचा चढ चढताना तुझा जीव काढणार आहे ते तेच.

तरी सगळ्यात आधी रस्त्याचा हिशोब मांड. कोल्हापूर, पुणे, सुरत, उदयपूर, जयपूर करत मनाली म्हणजे २,३०० किलोमीटरच्या आसपास. जाऊन-येऊन, एका बाजूने शिमला-किन्नौर धरलंस, तर ५,००० च्या घरात जाशील. यात नाव घेण्यासारखा खराब रस्ता कुठला, तर कुंझुमच्या अलीकडे-पलीकडे, ग्रामफू ते लोसर, साधारण ८० किलोमीटर. बाकी ठिकाणी दरड पडलेली, बीआरओचं (सीमा रस्ते संघटनेचं) काम चाललेलं, असे तुकडे येतील, पण ते तुकडेच. ८० किलोमीटरसाठी ५,००० किलोमीटर बटन टायरची (मातीसाठीच्या, मोठ्या गाठींच्या टायरची) घरघर ऐकायची का, हा खरा प्रश्न. त्यात तो टायर उन्हातल्या हायवेवर मधोमध झिजतो. म्हणजे दगड येईपर्यंत त्याची बटनं अर्धी संपलेली, आणि ज्यासाठी घेतला ते राहिलंच बाजूला.

गाडी रेल्वेने पाठवायचा विचार केलायस का? गोवा एक्सप्रेस मिरजेला थांबते आणि थेट निजामुद्दीनला जाते. पार्सल ऑफिसला आधी चौकशी कर. टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसे काढून घ्यायचे, आणि पॅकिंग स्वतः उभं राहून करून घ्यायचं. दिल्लीहून मनाली साडेपाचशे किलोमीटर. तसं केलंस तर टायरचं सगळं गणित बदलतं. मग तू जास्त बटनांचा टायर बिनधास्त टाक. मला वाटतं तू चालवतच जाशील, कारण तुला राजस्थान बघायचंय आणि माझं तू कधी ऐकलेलं नाहीस. तेव्हा पुढचं सगळं तसंच धरून लिहितो.

दुसरी गोष्ट दिशेची. शिमल्याकडून चढलास तर उंची हळूहळू वाढते आणि वहिनींचं डोकं दुखायची शक्यता कमी. मनालीहून गेलास तर एका दिवसात साडेचार हजार मीटर उंचीवर. एवढं सगळेच सांगतात. चढाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. काझाच्या बाजूच्या लोसरहून कुंझुम जवळजवळ २० किलोमीटरवर आहे, चढ लांब आणि सौम्य. मनालीच्या बाजूच्या बातलहून तोच कुंझुम ११-१२ किलोमीटरवर, म्हणजे चढ आखूड आणि अंगावर येणारा, वर सुटे दगड आणि एकामागून एक वळणं. म्हणून तुला शिमला-काझा-मनाली असंच सुचवीन. दमवणारा चढ तुझ्यासाठी उतार होईल. फक्त तेव्हा मागचा टायर तीन हजार किलोमीटर चाललेला असेल, हे धरून घ्यायचं. उतारावर पुढच्या टायरची आणि इंजिन ब्रेकिंगची (गिअरमध्ये ठेवून इंजिननेच गाडी धरण्याची) परीक्षा असते, आणि इंजिन ब्रेकिंग पुन्हा दात्यांवरच येतं.

आता दाते. तुझ्या गाडीला पुढे १५, मागे ३८. म्हणजे चाक एकदा फिरायला पुढचं स्प्रॉकेट २.५३ वेळा फिरतं. पुढे १४ टाकलं की २.७१. फरक ७ टक्के. एवढंच? हो, एवढंच. ८० च्या वेगाला इंजिन आज ८६ ला जेवढं फिरतं तेवढं फिरेल. वहिनी मागे असताना तू ८५ च्या वर जाणार नाहीस (जाऊन बघ, पाठीत कोपर बसेल), त्यामुळे हायवेवर तुझं काहीच बिघडत नाही. पेट्रोल थोडं जास्त पिईल, आणि लांब सरळ रस्त्यावर उगीच सहावा गिअर शोधत राहशील, जो या गाडीला नाहीच.

आणि मिळतं काय? वर हवा विरळ. कुंझुमवर हवेचा दाब आपल्याकडच्या साठ टक्क्यांच्या आसपास. तुझं इंजिन इथे ३२ न्यूटन-मीटर ओढ देतं, तिथे २० च्या जवळपास धर. फ्युएल इंजेक्शन असल्याने पेट्रोलचं प्रमाण गाडी आपोआप सांभाळते, काळा धूर निघत नाही, पण हवा काही ती कुठून पैदा करू शकत नाही. आता ७ टक्क्यांनी ४० टक्क्यांची तूट भरून निघत नाही, हे मलाही कळतं. पण गाडी अडते ती टॉप स्पीडला नाही, अगदी खालच्या वेगाला. पहिल्या गिअरमध्ये, वळणावर, दगडांमधून वाट काढताना वेग इतका कमी होतो की इंजिन धडधडून बंद पडायला येतं आणि हात आपोआप अर्ध्या क्लचवर जातो. एकदा तो हात तिथे गेला की पुढची चार वळणं तो तिथेच राहतो, आणि मग क्लच प्लेटचा वास. तो वास वहिनींना तुझ्याआधी येईल. १४ दात्यांवर हा उंबरठा थोडा खाली सरकतो, त्यामुळे क्लच पूर्ण सोडून गाडी रांगत राहते. उतारावर तोच फायदा उलटा मिळतो: पहिल्या गिअरमध्ये गाडी जास्त धरून राहते, पुढचा ब्रेक कमी दाबावा लागतो.

काही जण तुला १३ दाते सांगतील. ऐकू नकोस. १३ म्हणजे १५ टक्के फरक, हायवेवर इंजिन रडेल. शिवाय एवढ्या लहान स्प्रॉकेटवर चेनला फार आवळून वळावं लागतं, ती लवकर झिजते, आणि स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) रबरी पट्टीवर घासत राहते. मागचं ३८ काढून ४१ टाकलं तरी परिणाम जवळपास तोच, पुढचा एक दाता म्हणजे मागचे जवळपास पावणेतीन. पण मागचं महाग, आणि चेनला जास्तीच्या कड्या लागतात. पुढचं स्वस्त आणि तासाभराचं काम. कोल्हापुरातच बसवून घे. मनालीत बदलू म्हणणारे असतात, पण तिथे पोचल्यावर माणूस थकलेला असतो आणि मेकॅनिककडे रांग असते.

बसवताना एक बघ. एक दाता कमी झाला की चेन सैल पडते, मागचा एक्सल साधारण ४ मिलिमीटर मागे ओढावा लागतो. त्याआधी चेनचं वय तपास: मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन बोटाने ओढ. ती उचलली जाऊन अर्धा दाता दिसला तर चेन गेली समज, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेटं असं पूर्ण किटच बदल. जुन्या ताणलेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट टाकणं म्हणजे नव्या जावयाला जुन्या भांडणात बसवणं. आणि चेन ताणायची ती तुम्ही दोघं सामानासकट गाडीवर बसलेले असताना तपासून, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात ती कचकन ताठ होईल.

आता टायर.

तुझी मापं पुढे ९०/९०-२१, मागे १२०/९०-१७. यांना हात लावू नकोस. मागे रुंद टायर टाकून गाडी भारदस्त दिसते हे खरं, पण १३०/८०-१७ टाकलास तर चाकाची उंची कमी होते, बॉडी दगडांच्या थोडी जवळ येते, आणि वळणावर गाडी जड वाटते. हाती काही लागत नाही.

पुढचा आणि मागचा टायर एकाच नक्षीचा हवा असा नियम कुठेही नाही. दोघांची कामं वेगळी. मागचा घसरला तर गाडी शेपूट हलवते, बहुतेक वेळा सावरते. पुढचा घसरला की तू खाली, विचार करायला वेळच मिळत नाही. झिजतो मात्र मागचा, कारण ओढही त्याच्यावर आणि ओझंही त्याच्यावर. म्हणून माझं मत: पुढे थोडा जास्त बटनांचा, अर्धा डांबराचा अर्धा मातीचा. मागे डांबराकडे झुकलेला, मधोमध भरीव रबर असलेला, आणि नवा. 'अजून चालेल' म्हणून जुन्यावर निघू नकोस. आज निम्मा असलेला मागचा टायर काझापर्यंत गोटा होतो.

याची किंमत ओल्या डांबरावर मोजावी लागते. बटनं मोठी म्हणजे रस्त्याला टेकणारं रबर कमी, त्यामुळे परतीच्या पावसात सुरत-बडोद्याकडे ब्रेक जरा आधी आणि हळू दाब. पूर्ण बटन टायर मी यासाठीच नको म्हणतोय. पडायची भीती सगळ्यांना दगडांवर वाटते, पण ट्रकच्या मागे ओल्या रस्त्यावर ७० च्या वेगाने पडणं वेगळं.

विकत घेताना टायरच्या कडेवरचं वाच. चार आकडी तारीख असते, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं दुकानात पडलेला टायर घेऊ नकोस, रबर कडक होतं. मागे ६४ हा भाराचा आकडा किंवा त्याहून मोठा हवा, ६४ म्हणजे २८० किलो. त्यापुढच्या वेगाच्या अक्षराची काळजी सोड. पी असलं तरी १५० ची मुभा आहे, आणि तुझी गाडी तिथे पोचत नाही.

सीअट ग्रिप एक्सएल तुझ्या गाडीला कंपनीतूनच येतो, तो मागे ठेवलास तरी माझी तक्रार नाही. पुढे राल्को, टिमसन, राइझ, जे कोल्हापुरात ताज्या तारखेचं मिळेल ते बघ. नावापेक्षा तारखेला महत्त्व दे.

नक्षीइतकीच, खरं तर तिच्याहून जास्त, हवा महत्त्वाची. हायवेवर मॅन्युअलमध्ये दोघांसाठी लिहिलेला आकडा. दगडांचा पट्टा लागला की ४-५ पीएसआय कमी कर, टायर दगडावर आदळून उडण्याऐवजी त्याला थोडा मिठी मारतो. पण तुझ्या चाकात ट्यूब आहे आणि मागे दोन माणसांचं वजन, म्हणून २० च्या खाली जाऊ नकोस. त्याखाली रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चेपते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. आणखी एक गंमत: मनालीहून कुंझुमपर्यंत बाहेरचा दाब इतका उतरतो की हवा न भरता गेज साधारण ३ पीएसआय जास्त दाखवेल. थंडी त्यातलं बरंचसं परत खाते. म्हणून खाली मोजलेल्या आकड्यावर विसंबू नकोस. सकाळी, चाकं गार असताना, मुक्कामाच्या ठिकाणी मोज. नाल्यांमध्ये कुठल्याही नक्षीचा उपयोग नाही, तिथे गोल गोटे असतात. तिथे सकाळी लवकर पोचणं हाच उपाय, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं.

ग्रामफू ते लोसर पंक्चरवाला मिळेल असं धरू नकोस. पुढची-मागची दोन्ही ट्यूब, टायर उचकटायचे तीन लिव्हर, पॅच, हातपंप. आणि हे सामान नुसतं घेऊन जाऊ नकोस, ऑगस्टमध्ये अंगणात एकदा मागचं चाक स्वतः काढ. टायरची कड रिमवरून सुटत नाही, हे तिथे कळलेलं बरं. दुसऱ्या गाडीचा साइड स्टँड टायरवर टेकवून त्या गाडीचं वजन टाकलं की सुटते. शेजारच्याची गाडी माग.

मग वहिनी आणि पूर्ण सामान घेऊन पन्हाळ्यामागे मसाई पठाराच्या वाटेला जा. जांभ्यावरची सुटी खडी स्पितीच्या बरीच जवळची. शिरोळकडच्या काळ्या रानात मात्र नेऊ नकोस. ती चिकट माती कुठल्याही बटनात भरून टायर गुळगुळीत करते, खालच्या मडगार्डात अडकून चाकच जाम होतं, आणि त्यातून स्पितीबद्दल काहीही कळत नाही.

टायर घेण्याआधी कडेचा फोटो पाठव. आणि स्प्रॉकेट बदलल्यावर आंबा घाटात चढून बघून कळव, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काय वाटलं ते. काकूंना नमस्कार सांग. वहिनींना म्हणावं, सॅडलबॅगचं वजन त्यांनी स्वतः बघावं, तुझ्यावर सोडू नये.

तुझा,
अव्या

ता. क. हातपंपाचं तोंड तुझ्या व्हॉल्व्हवर बसतं का ते घरीच तपास. स्पोकच्या चाकात जागा कमी असते, मोठ्या तोंडाचा पंप आत शिरतच नाही.