एक ओळ माझ्यासाठी ठेवा

गाइझेनहाइम, जर्मनी
रविवार, 25 जानेवारी 2026

ती. दादा आणि आईस,
साष्टांग नमस्कार. आजीला वेगळा नमस्कार.

पत्र बघून घाबरू नका, सगळं ठीक आहे. फोनवर दादा "जेवलीस का?" एवढंच विचारतात आणि फोन आईकडे देतात. मला जे सांगायचंय ते दादांना, आणि ते तसं फोनवर होत नाही. म्हणून लिहून रोहनला पाठवतेय. त्याने छापून बागेत नेऊन द्यावं, मोबाईलवर वाचून दाखवू नये. आज रविवार. इथे रविवारी दुकानं बंद म्हणजे बंद, किराणासुद्धा. पहिल्या आठवड्यात हे ठाऊक नव्हतं, तेव्हा अर्धा ब्रेड आणि आईच्या शेंगदाण्याच्या चटणीवर दिवस काढला होता.

आधी आजीची काळजी मिटवते. पोरगी दारूच्या शाळेत गेली, असं ती मखमलाबादभर सांगत फिरते म्हणे. आजी, ही शाळा 1872 सालची आहे आणि इथे मुख्यतः द्राक्षवेलीचा अभ्यास चालतो. चव घेण्याचा तास असतो, नाही असं नाही, पण घोट तोंडात घोळवून भांड्यात थुंकायचा असतो. पहिल्या तासाला मी काय केलं ते इथे लिहीत नाही.

रोहनने माझ्या मार्कांवरून घरात उडवलेली अफवा खोटी आहे. मला 1.7 मिळाले ते पाचपैकी नाहीत. इथे 1 म्हणजे सगळ्यात वर, 4 ला काठावर पास आणि 5 म्हणजे नापास. परीक्षा फेब्रुवारीत, आई, तेव्हा रोज फोन नको करूस.

थंडीचं विचारता म्हणून सांगते. गाव 50 अंश अक्षांशावर आहे, आपलं नाशिक 20 वर. आठ वाजून गेल्यावर उजाडतं आणि पाचला दिवे लागतात. ऱ्हाइन नदी इथे थोडं अंतर पश्चिमेला वळते, त्यामुळे अलीकडच्या काठावरचे सगळे उतार दक्षिणेला तोंड करून बसलेत. ऊन मिळावं म्हणून बागा त्या उतारांवर. आपण उन्हाने मणी करपतात म्हणून धास्तावतो, आणि हे लोक किरण किरण गोळा करतात.

आता खरं सांगायचं ते. गुरुवारी छाटणीचं प्रात्यक्षिक होतं. सकाळी उणे तीन, नाक आहे की नाही ते चाचपून बघावं लागत होतं. शिकवणारे साठीला आलेले, बोलणं कमी, कमरेला कात्री. तू कुठली म्हणून त्यांनी मला विचारलं. भारतातली, वडिलांची चार एकर द्राक्षबाग आहे, असं मी जरा टेचात सांगितलं. त्यांनी लगेच कात्री काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, मग पहिला वेल तूच घे. सगळा वर्ग बघतोय.

दादा, मला छाटणी येत नव्हती. चार एकरांत वाढलेली मी. छाटणीच्या मजुरांच्या टोळीला चहा नेला, हजेरी लिहिली, घड औषधात बुडवताना, म्हणजे डिपिंगला, जीए या वाढीच्या औषधाचा हिशेब ठेवला, पॅकिंगला वजनं केली. सुरगाण्याहून येणाऱ्या बायांच्या पोरींनाही छाटणी येते. रोहन दहावीत होता तेव्हा तुम्ही त्याच्या हातात कात्री दिलीत. माझ्या हातात ती कधी आली नाही. मीही मागितली नाही, हे खरं. मी वर्गासमोर "येत नाही" म्हणाले आणि कान गरम झाले, त्या थंडीतसुद्धा.

ते हसले नाहीत. माझ्या हाताकडे बघत राहिले आणि विचारलं, तू डावखुरी आहेस ना? आणि गाडीतून दुसरी कात्री घेऊन आले. डाव्या हाताची कात्री असते, दादा! पातं उलट्या बाजूला. इतकी वर्षं मला कात्रीच धरता येत नाही असं वाटायचं, घरातली, शिवणातली, सगळीच.

आणि इथली छाटणी बघून तुमचा जीव खालीवर झाला असता. रिसलिंग या वाइनच्या द्राक्षाच्या एका वेलावर बारा-तेरा काड्या होत्या. त्यांतली एकच ठेवायची, दहाएक डोळ्यांची, म्हणजे फुटायच्या कोंबांची, आणि पुढच्या वर्षासाठी दोन डोळ्यांचा एक खुंट. बाकी सगळं जमिनीवर. ठेवलेली काडी धनुष्यासारखी वाकवून तारेला बांधायची. वाकवताना बारीक करकर ऐकू यायला हवी, पण कडक करून मोडली की गेली. माझी पहिली मोडली. दुसरी बसली. कापलेल्या टोकाला बोट लावून बघितलं तर कोरडं ठाक. आपल्याकडे टोकातून पाणी टपकतं. इथे वेल झोपलेला असतो, मार्चअखेरीपर्यंत उठत नाही.

मग मला विचारलं, तुमच्याकडे कधी छाटतात? मी म्हटलं, वर्षातून दोनदा. त्यांना ते पटेचना. शेवटी वहीच्या पाठीमागे काढून दाखवलं: एप्रिलच्या खरड छाटणीत काडी तयार करायची, तिच्या डोळ्यांत पावसाळ्याआधीच घड धरतो, मग ऑक्टोबरच्या छाटणीत तो बाहेर काढायचा. आपल्याकडे वेल झोपेल एवढी थंडी नाही, म्हणून डोळे एकसारखे फुटावेत यासाठी वर पेस्ट लावायची. हे सगळं तुम्ही ओट्यावर व्यापाऱ्यांशी बोलताना कानावर पडलेलं. अर्धा तास प्रश्न विचारत होते. हातात नसलं तरी डोक्यात बरंच होतं म्हणायचं.

तुम्हाला हसू येईल अशी एक गोष्ट. गावावरच्या टेकडीवर एक जुना वाडा आहे, योहानिसबर्ग. 1775 साली तोडणीची परवानगी घेऊन येणारा घोडेस्वार उशिरा आला, तोवर घड सडले, तरी त्यांनी तोडले आणि वाइन अशी झाली की पुढे मुद्दाम उशिरा तोडायला लागले, असं सांगतात. घोडेस्वाराचा पुतळा आहे वाड्यात. आपल्याकडे एक मणी सडका निघाला की व्यापारी पेटी परत करतो.

मालाचं काय? मण्यात पाणी उतरलं का नीट? गारांचं नाव नको. इथल्या दुकानात सध्या पेरूची आणि दक्षिण आफ्रिकेची द्राक्षं आहेत, अर्ध्या किलोच्या डबीत. मी रोज डबी उलटून देश बघते.

28 मार्चला रात्री पोहोचतेय. खरड छाटणी तोवर सुरू करू नका असं म्हणणार नाही, टोळी कुणासाठी थांबत नाही. पण विहिरीकडची शेवटची ओळ माझ्यासाठी ठेवा. तिथे मी चुकले तरी फार नुकसान नाही, तसाही तिथे माल कमीच येतो. कात्री मी आणतेय, डाव्या हाताची. सामानात टाकायची आहे, हँडबॅगेत चालत नाही.

आजीच्या गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
मनू