डोंगल सरपंचांचं, पिन ऑपरेटरला पाठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ग्रामपंचायत निधीतल्या अपहाराच्या बातम्यांत अलीकडे सरपंचांच्या डीएससीचा (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्राचा) परस्पर वापर झाल्याचा उल्लेख येतो. वाचणाऱ्याला वाटतं, कुणा हॅकरने मोठी करामत केली असेल. तालुक्याच्या ठिकाणी ठेकेदारांची ई-टेंडरं भरून देणं हा माझा धंदा असल्याने या डीएससी रोज हाताखालून जातात. करामतीची गरजच पडत नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र.

डीएससी ज्यात असते ते पेनड्राइव्हसारखं दिसणारं टोकन, म्हणजेच डोंगल, फाइली साठवायला नसतं. त्यात मालकाची खासगी किल्ली, म्हणजे सही करण्याचा गुप्त संकेत, असते. ती टोकनमध्येच तयार होते आणि तिची कॉपी काढता येत नाही. लॉगिन करताना सर्व्हर दर वेळी नवा मजकूर पाठवतो, टोकन त्यावर आतल्या आत सही करून परत देतं आणि सर्व्हर ती सही प्रमाणपत्राशी ताडून पाहतो. नुसता पासवर्ड चोरून इथे भागत नाही. राज्य सरकारच्या महाटेंडर्स या टेंडर पोर्टलवर तर टेंडरच्या फाइली अपलोड होतानाच लिफाफा उघडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या किल्लीने कुलूपबंद होतात. ठरलेल्या वेळेआधी आमचा दर कुणाला बघायला मिळत नाही. बीओक्यूच्या (दर भरायच्या तक्त्याच्या) फाइलचं नाव एका अक्षराने बदललं तरी पोर्टल ती घेत नाही, आणि शेवटच्या दहा मिनिटांत ठेकेदार मानेवर उभा असताना हे घडलं की काय होतं ते विचारू नका. तरीही व्यवस्था चोख आहे, हे मी मान्य करतो.

पण पिन टोकनच तपासतं आणि सर्व्हरला दिसते ती फक्त सही. खुर्चीत कोण बसलंय, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही.

केंद्रीय वित्त आयोगाच्या निधीतून ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या हिशोबाच्या पोर्टलवर पैसे काढायचे तर ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि सरपंच या दोघांच्याही डीएससी लागतात. चेकवर दोघांच्या सह्या असायच्या, तीच पद्धत पुढे चालवली आहे. एकाने बिल तयार करायचं, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचं. प्रत्यक्षात अनेक गावांत दोन्ही डोंगल संगणक ऑपरेटरच्या एकाच ड्रॉवरमध्ये, रबर बँडने बांधलेली, सोबत पिनची चिठ्ठी. म्हणजे दोन सह्या, हात एकच. महिला सरपंच असतील तर डोंगल बहुधा यजमानांच्या खिशात. 2011 पासून पंचायतींत निम्मं आरक्षण आहे, पण सहीचा अधिकार अजून घरातल्या पुरुषाकडेच.

गंमत अशी की प्रमाणपत्र मिळवताना केवढी कडक तपासणी! कागदपत्रं, मोबाइलवर ओटीपी, वर कॅमेऱ्यासमोर बसून व्हिडिओ. 2021 पासून क्लास 2 हा प्रमाणपत्राचा प्रकार बंद होऊन फक्त जास्त कडक तपासणीचं क्लास 3 उरलं, तेही ओळख पक्की असावी म्हणूनच. एवढे सोपस्कार करून टोकन हातात पडतं आणि त्याच संध्याकाळी ते 'तुमच्याकडेच राहू द्या' म्हणून दुसऱ्याच्या हवाली होतं. कोऱ्या चेकबुकावर सह्या करून देण्यातलाच हा प्रकार. ठेकेदारही माझ्याकडे टोकन ठेवायला बघतात. मी परत देतो, तेव्हा काही जणांना राग येतो.

माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 चं कलम 42 सरपंचांपैकी किती जणांना कुणी वाचून दाखवलं असेल? खासगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची काळजी मालकानेच घ्यायची आणि ती दुसऱ्याच्या हाती गेली तर प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेला विनाविलंब कळवायचं, असं त्यात आहे. कळवेपर्यंत जबाबदारी मालकाचीच. उद्या चौकशी लागली तर ऑपरेटर नामानिराळा आणि नोटीस सरपंचबाईंच्या नावाने, असं होऊ शकतं.

जिल्हा परिषदांना हे मोडून काढणं अवघड नाही. टोकन देताना पिन सरपंचांनी स्वतः, एकट्याने बदलावा आणि एक बिल स्वतः मंजूर करून दाखवावं, तोवर ते टोकन चालू करू नये. अर्ज भरताना मोबाइल नंबर ऑपरेटरचा टाकलेला नाही ना, हे बघावं. मुदत संपली किंवा अविश्वास ठराव मंजूर झाला की पदभार देण्याच्या कागदांतच पोर्टलवरची जुनी डीएससी काढून टाकल्याची नोंद असावी. प्रमाणपत्र एक ते तीन वर्षांचं असतं, त्यामुळे पद गेल्यावरही ते मागे उरू शकतं. आणि विस्तार अधिकारी दप्तर तपासायला गावात येतात, तेव्हा त्यांनी कीर्द उघडण्याआधी दोन्ही डोंगल कुठे आहेत हे विचारावं, आणि ती ड्रॉवरमधून निघाली तर शेऱ्यात तसं लिहावं.

आपला,
एक वाचक, कराड