महंमद अलीची ती साडेतीन वर्षे

मुष्टियोद्धा महंमद अलीविषयी लिहिताना बहुतेक जण १९७४ची किन्शासातली लढत रंगवतात. दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे अंगावर घ्यायचे, त्याला दमवायचे आणि आठव्या फेरीत आडवे करायचे, हे अफाटच होते. पण मला त्याहून मोठा वाटतो तो २८ एप्रिल १९६७चा दिवस. ह्यूस्टनच्या सैन्यभरती केंद्रात त्याच्या जुन्या नावाने, कॅशियस क्ले म्हणून, पुकारा झाला. पुन्हा झाला. तो जागचा हलला नाही. व्हिएतनाम युद्धासाठी भरती व्हायला नकार दिला की काय होणार, हे त्याला पक्के ठाऊक होते. जगज्जेतेपद काढून घेतले गेले, लढण्याचे परवाने गेले, पाच वर्षे कैद आणि १० हजार डॉलर दंडाची शिक्षा झाली. अपिलामुळे तुरुंग टळला, पण ऐन पंचविशीपासून तो साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर राहिला. त्या वयातला पायांचा वेग पुन्हा थोडाच मिळतो! जून १९७१मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. तोवर जो फ्रेझरकडून पहिला पराभवही वाट्याला आला होता.

क्रीडापानावर त्याचे ५६ विजय जरूर छापावेत. त्याबरोबर या काळावरही एखादा सविस्तर लेख यावा, ही विनंती. आजच्या तरुण खेळाडूंना तो वाचायला मिळायला हवा.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, कोल्हापूर