गवा मोजतो, तसे मॉसही मोजा

महोदय,

डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडच्या वस्तीत गवा शिरला आणि पकडापकडीत दगावला, तेव्हा पुणे हळहळले. गवा आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, धोक्यातील प्रजातींच्या लाल यादीत ‘असुरक्षित’ आहे. त्या यादीत मॉसच्या, म्हणजे ओल्या सालीवर-खडकावर हिरवी गादी धरणाऱ्या इवल्या वनस्पतींच्या, प्रजातीही आहेत आणि निकष दोघांना एकच: प्रजननक्षम जीव ५०पेक्षा कमी उरले, की प्रजाती ‘अतिसंकटग्रस्त’.

गवे पाणवठ्यावर मचाणातून मोजता येतात. मॉसच्या गादीत मात्र एक जीव कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो, हे कळत नाही. म्हणून तज्ज्ञांचा संकेत असा, की जमिनीवर किंवा खडकावर सुमारे १ चौरस मीटर म्हणजे एक जीव. झाडावरच्या मॉससाठी एक झाड म्हणजे एक जीव. इंग्लंडमधील डर्बीशायरमध्ये, जगात फक्त एकाच ठिकाणी उरलेल्या ‘थॅम्नोब्रियम अँगुस्टिफोलियम’ या मॉसची मुख्य वसाहत जेमतेम ३ चौरस मीटर आहे. या हिशेबाने तीन गवे!

आपल्याकडे वृक्षतोडीच्या पंचनाम्यात झाडाची जात आणि घेर लिहितात, सालीवरचे ‘शेवाळ’ कोण पाहतो? (शेवाळ म्हणजे शैवल, मॉस वेगळे.) तोडलेल्या झाडावरच्या मॉसची भरपाई नव्या रोपाने होत नाही. मॉसला खरी मुळे नसतात. ते पाणी पानांतूनच शोषते आणि पान बहुधा एकाच पेशीच्या जाडीचे असते. आजूबाजूची झाडे गेली, की साल लवकर सुकते. पुंयुग्मकांना (नर प्रजननपेशींना) पोहायला पाण्याचा थर लागतो, तोही मग टिकत नाही. रोपाची कोवळी, गुळगुळीत साल ओल धरत नाही.

पाहणी जुलै ते सप्टेंबरमध्येच करावी. उन्हाळ्यात पाने आकसतात आणि मॉस वाळक्या पापुद्र्यासारखे दिसते. दहापट भिंग घेऊन खोड चारही बाजूंनी, २ मीटर उंचीपर्यंत तपासावे. नमुना मोठ्या गादीतूनच, काडेपेटीपेक्षा लहान आणि शक्यतो बीजाणुकोशांसकट (बीजाणूंच्या इवल्या कुप्यांसकट) घ्यावा. त्यांच्याशिवाय ओळख अनेकदा अडते. तो कागदी पाकिटात ठेवावा, प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते. पाकिटावर तारीख, झाडाची जात, जमिनीपासूनची उंची आणि दिशा लिहावी. पुढचे काम सूक्ष्मदर्शकाचे.

सगळ्या शहराची पाहणी एकदम होणार नाही. राज्याच्या कायद्यानुसार ५० वर्षांवरची झाडे वारसा वृक्ष ठरतात. तोडीचा अर्ज आलेल्या अशा झाडांच्या पंचनाम्यात ‘सालीवरील वनस्पती’ हा रकाना पालिकेने याच पावसाळ्यापासून घालावा.

— एक वनस्पती अभ्यासक, पुणे