माझ्या ट्रेलरचा टोल नेमका किती? : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरचा माणूस टोलवर पत्र लिहितोय म्हटल्यावर आपल्या कार्यालयात कुणीतरी कपाळाला हात लावेल. शहरातल्या रस्त्यांच्या टोलविरुद्ध एन. डी. पाटील सरांच्या मागे हे गाव रस्त्यावर उतरलं आणि टोल घालवूनच थांबलं. त्या मोर्चांत मीही चाललोय. पण हे पत्र टोलमाफीसाठी नाही. टोल घ्या, फक्त किती घ्यायचा ते एकदा ठरवा.

निवृत्तीनंतर मी कारमागे जोडायचा छोटा कॅरव्हान ट्रेलर घेतला. एक एक्सल, म्हणजे चाकांच्या जोडीचा एक आस, दोन चाकं. आतलं काम उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं केलं : दोन बर्थ, शेगडी, पाण्याची टाकी आणि कमोड. खरं तर कमोडसाठीच हा सगळा खटाटोप. आई ऐंशीच्या पुढची, गुडघे गेलेले. ढाब्यावरच्या संडासात तिला बसता येत नाही, म्हणून चार वर्षं ती पुण्याला नातीकडे गेली नव्हती. आता जाते. खिडकीशी बसून म्हणते, "गोगलगाय झालीय आपली, घर पाठीवर घेऊन हिंडतोय."

गोगलगाय टोलनाक्यावर मात्र अडते. पहिल्याच फेरीत एका नाक्यावर कारचे पैसे कापले. पुढच्या नाक्यावर गेट उघडेना. बूथमधला पोरगा म्हणाला, "मामा, मशीन थ्री एक्सल दाखवतंय आणि टॅग कारचा हाय. मी काय करू?" मागे हॉर्नचा कल्लोळ. सुपरवायझर आला, ट्रेलरभोवती फिरला, आईला नमस्कार केला आणि ट्रकचा दर सांगितला. तिसऱ्या ठिकाणी कारचाच टोल गेला, पण दोन दिवसांनी फरकाची रक्कम कापल्याचा मेसेज आला. परतताना हिशेब पुन्हा निराळा. नाक्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. त्या पोरांची चूक नाही, त्यांच्या पुढ्यातल्या तक्त्यातच माझी गाडी नाही.

काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. नाक्यावरच्या रीडरच्या लहरींवरच तो जागा होतो आणि आपली ओळख सांगतो. माझा टॅग सांगतो 'कार', वर्ग चार. त्याच वेळी लेनमधलं दुसरं यंत्र, म्हणजे वाहनाचा वर्ग ओळखणारं, एक्सल मोजतं. कारचे दोन आणि ट्रेलरचा एक. दोन्ही यंत्रं खरंच बोलतात, आणि माझा खिसा मधे सापडतो. टॅग चांगला असून यंत्राला तो वाचता आला नाही, तर शून्य रकमेची पावती देऊन गाडी सोडायची, असा नियम २०१८ पासून आहे. पण यंत्रानं नीट वाचलं आणि अर्थ चुकीचा लावला तर काय करायचं?

आता रकमेचं बघा. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम, २००८ मध्ये २००७-०८ चे मूळ दर किलोमीटरमागे असे धरले होते : कार-जीपला ६५ पैसे, हलक्या व्यापारी वाहनाला किंवा मिनीबसला १ रुपया ५ पैसे, दोन एक्सलच्या ट्रक-बसला २ रुपये २० पैसे. पुढचे दर यावरच वाढत गेले. म्हणजे कार आणि ट्रक यांत तिपटीहून जास्त अंतर, आणि तीन एक्सल मोजले की त्याच्याही वर. माझा ट्रेलर कारपेक्षा हलका आहे. त्यात माल नसतो, आईचं अंथरूण असतं.

गंमत म्हणजे आपल्याच मंत्रालयाला माझी गाडी ओळखीची आहे. वाहनांच्या प्रकारांची जी अधिसूचना २००४ मध्ये निघाली, तिच्यात खासगी वापराची कॅम्पर व्हॅन आणि ट्रेलर बिगरवाहतूक वाहनांत धरले आहेत. त्याच मंत्रालयाच्या टोलच्या तक्त्यात ते कुठेच नाहीत. आमच्या शिवारातला ट्रॅक्टर मात्र टोलच्या नियमांत आहे. त्याला टोल माफ. हंगामात दोन ट्रॉल्या उसानं भरून तो डुलत जातो तेव्हा त्याचे एक्सल कुणी मोजत नाही. तक्रार नाही, ऊस आमचाच आहे.

बिनफाटकाच्या टोलचं काम आपण हाती घेतलंय, त्यात सुरुवातीलाच गुजरातमधला चोर्यासी नाका आहे. न थांबता जायचं, कॅमेरा नंबर टिपणार. छानच. पण मग "मी काय करू?" म्हणणारा पोरगाही तिथे नसेल. ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी आणि स्वतंत्र नंबर असतो, मग मागचा कॅमेरा कुणाला बिल लावणार? याचं उत्तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातच आहे. कलम ६१ सांगतं, ओढणाऱ्या गाडीचा नंबर शेवटच्या ट्रेलरवर दिसला पाहिजे. मी तो मागे लावलाय. तुमचा कॅमेरा तो वाचून पुढच्या टॅगशी जुळवेल, एवढं निविदेत लिहा.

भाचा फ्लोरिडात असतो. तिथे टोल एक्सलवर ठरतो : दोन एक्सलच्या गाडीला एक पट, तीनला दोन पट. सनपासच्या, म्हणजे तिथल्या फास्टॅगच्या, खात्यात ट्रेलरचा नंबरही घालता येतो. दुप्पट मला जास्तच वाटते. पण घरून निघताना आकडा माहीत असतो, हे मला भावलं. इथे माझा एक मित्र मिनीबसच्या सांगाड्यावरची कॅरव्हान चालवतो. त्याला मिनीबसचा टॅग दिलाय, तो दर भरतो आणि शांत झोपतो.

मलाही तसाच एक दर द्या. कारच्या दीडपट म्हणा. दर वर्षी १ एप्रिलला दर बदलतातच, त्या तक्त्यात 'कार आणि खासगी ट्रेलर' अशी एक ओळ वाढवा. ट्रेलर जोडलाय हे मी निघण्याआधी फास्टॅगच्या खात्यात स्वतः नोंदवीन. खोटं नोंदवलं तर दंड घ्या. १५ ऑगस्ट २०२५ पासून कार-जीपला वार्षिक पास मिळतो, त्या पासवर ट्रेलर चालेल का, तेही त्याच ओळीत लिहून टाका.

पहिल्या फेरीच्या पावत्या आणि बँकेचे मेसेज सोबत जोडले आहेत. आईनं दिवाळीला पुन्हा पुण्याला जायचं ठरवलंय. या वेळी टोलला किती धरू, ते कळवावं.

आपला,
एक कॅरव्हानवाला
एमएच ०९, कोल्हापूर